शेंदूर लागलेला वाघ

नाना, तुमचा वाघ मी दिला नाही. बाकीची सगळी चित्रं गेल्या आठवड्यात मुंबईच्या संग्रहालयातले गृहस्थ घेऊन गेले, धनेश, माळढोक, अस्वल, सगळी. वाघ भिंतीवर आहे आणि त्याच्या कपाळावरचा शेंदूरही. तुम्हाला राग येईल. येऊ दे. मला तो लहानपणापासून येतो आहे.

तुमचा नाद मला कळत होता, हे आधी सांगते. तळोद्याला तुम्ही रेंजर होतात. बदली झालेल्या साहेबाच्या सामानाचा लिलाव निघाला की बंदुका, कपबशा सोडून तुम्ही जुनी चित्रं तेवढी उचलायचात. रविवारी सकाळी सतरंजीवर ती मांडली जात, कडुनिंबाचा वाळलेला पाला बदलला जाई. "हात धुतलेस का?" हे तुमचं पहिलं वाक्य. मग भिंग माझ्या हातात. "पाहा, पिसाचा निळा रंग रेषेबाहेर गेलाय. म्हणजे हाताने रंगवलेलं. यंत्र असं चुकत नाही." छापा विलायतेत निघायचा आणि तिथल्या पोरीबाळी बसून एकेक कागद रंगवायच्या, हे तुम्ही इतक्या कौतुकाने सांगायचात की त्या न पाहिलेल्या पोरींचा मला हेवा वाटायचा.

आणि आपल्या घरातली बाई? आई गेल्यावर जिने मला वाढवलं, ती धडगावकडच्या डोंगरातली. मी तिला याहा म्हणायची, भिलांत आईला म्हणतात तसं. दिवाळीच्या तोंडावर तिच्या गावात वाघदेवाची पूजा असायची, शिवेवरच्या लाकडी वाघाला शेंदूर लावायचे. त्या वर्षी साहेब शिकारीला येणार म्हणून तुम्ही तिला गावी जाऊ दिलं नाहीत. तिने घरातलाच वाघ पुजला. काच पुसायला तुम्ही चौकटीतून चित्र काढून ठेवलं होतं. मी शाळेतून येते तर तुम्ही ओसरीवर चित्र हातात धरून उभे आणि ती खाली बसलेली, बोटं अजून केशरी.

"अक्कल आहे का? विलायतेचं चित्र नासवलंस!"

"चित्र नही साहेब, वाघदेव शे," ती म्हणते. "तुन्ही पोर जंगलमा हिंडस. तिले सांभाय, इतलंच सांगं मी त्याले." मग माझ्याकडे पाहून डोळा मिचकावते आणि पुन्हा तुम्हालाच म्हणते, "तुले बी सांभाय म्हनी सांगनार व्हतू. ते ऱ्हाई गयं."

मी हसले. तुम्ही त्याच पावली तिला घराबाहेर काढलंत. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती पदरात सीताफळं घेऊन दारात आली, तेव्हा आतूनच शिपायाला म्हणालात, "दार लाव." सीताफळं पायरीवर काळी पडली. ती पुन्हा आली नाही.

त्याच दिवाळीत तुम्ही साहेबासाठी हाका घातलात. ढोल बडवून, माणसं लावून खरा वाघ बंदुकीसमोर आणलात आणि मेल्यावर मापाची पट्टीही तुम्हीच धरलीत. त्या वाघाचं तुम्हाला काही वाटलं नाही. कागदावर शेंदूर लागला म्हणून मात्र जेवण टाकलंत. हात विलायतेतल्या पोरीचा असला तर ती कला, आणि मला भरवणारा असला तर नासाडी! लोक नावं ठेवत असताना तुम्ही मला पुण्याला कॉलेजात घातलंत, हे मी विसरलेले नाही. पण तिथे काहीही शिकले तरी हा हिशेब मला पटला नाही. तुमच्यामागे पेटीच्या तळातून वाघ काढला आणि पुन्हा चौकटीत घालून टांगला.

ते मुंबईचे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "बाई, वाघ नसेल तर संच अपुरा राहील. आणि हा डाग आमच्याकडे सहज निघेल."

"डाग नाही तो," मी म्हटलं. "भिंग घ्या. रंग रेषेबाहेर गेलाय, दिसला? हाताने लावलेला आहे."

ते हसले आणि शेंदूर किती सुटतो ते पाहायला त्यांनी बोट पुढे केलं. तेव्हा मी ओरडले, नाना. "हात धुतलेत का?" शब्द तुमचे, आवाजही हुबेहूब तुमचा. ते दचकून मागे सरले.

हा कागद मी वाघाच्या चौकटीत मागच्या बाजूने घालते आहे, ओल लागू नये म्हणून तुम्ही घालायचात तसा. आणि तुमचा तो आवाज स्वतःच्या तोंडून ऐकून मला बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवते. तिकडे याहा भेटली तर तिला सांगू नका.