पुस्तकातल्या बापाची बाजू

सर, तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला तुम्ही हयात नाही ही सबब मी मान्य करणार नाही. नास्तिकाचं पुस्तक तुम्ही मला दिलंत, ठीक. पण त्याला कव्हर घालायला घरात दुसरा कागदच नव्हता का? पावडरीच्या कॅलेंडरवरचं ते गुबगुबीत, बिनदाताचं, हसरं बाळ! मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. मयूर विहारहून मेट्रोने नॉयडाला जातो, तिथल्या एका कंपनीत यंत्रं कशी चालवावीत याच्या पुस्तिका लिहितो, आणि वाटेत कधीमधी तुमचं पुस्तक उघडतो. परवा उघडलेल्या पानावर नरकाची चिरफाड चालली होती, तेवढ्यात शेजारच्या बाईंनी कव्हराकडे बघून विचारलं, “नाना बनने वाले हैं, भाईसाहब?” मी म्हटलं, “जी, अभी तो नहीं.” तरी त्यांनी मला मालिशेचं तेल सुचवलंच.

आर. के. पुरमच्या त्या जिन्यात आमचं घर खाली आणि तुमचं वर. तुम्ही नगरकडचे ख्रिस्ती, दिल्लीत मुलांना संस्कृत शिकवणारे. नवीन बदली होऊन आलेल्या माणसांना हे सांगितलं की ती आधी हसत, आणि मग आपण का हसलो याचा विचार करत. तुमच्या कपाटात पवित्र शास्त्राला खेटून हे पुस्तक उभं होतं. मी विचारलं, हे इथे कसं? तुम्ही म्हणालात, “पूर्वपक्ष आहे तो. घरात असावा.” वादात आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि ते असं मांडायचं की त्यालाच वाटावं, अरे, मला हे इतकं नीट सुचलं नव्हतं, मग आपलं उत्तर. आपल्याकडे देव नाही म्हणणाऱ्यांचे ग्रंथ जवळजवळ सगळे हरवले, त्यांची मतं आज कळतात ती त्यांच्या विरोधकांनी इमानदारीने लिहून ठेवली म्हणून, हे तुम्हीच शिकवलंत. मला तेव्हा ते परीक्षेपुरतं कळलं.

पुस्तक मात्र मी अधाशासारखं वाचलं. अजूनही वाचतो. हा लेखक खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा, भजनं सगळी पाठ, आणि त्याच पाठांतराच्या जोरावर तो श्रद्धेच्या भिंतीतली एकेक वीट काढून हातात घेतो, उलटीसुलटी करून बघतो. मोजक्या आयुष्यातल्या चुकीला न संपणारी शिक्षा, हा कुठला न्याय? एकाचा दंड दुसऱ्याने भोगला तर पहिला सुटतो कसा? आवाज कुठेच चढत नाही. श्रद्धाळू माणसाची तो कधी टर उडवत नाही. प्रार्थनेला आलेल्या म्हातारीची काठी पडली तर हा आधी ती उचलून देईल आणि मग वाद घालेल, असं वाटत राहतं. नास्तिक पुष्कळ वाचले, पण इतका सभ्य क्वचितच सापडला.

अठराव्या वर्षी मला त्याचा सभ्यपणा दिसला नाही, फक्त धार दिसली. नाताळ जवळ आला होता. काकू तुमच्या स्वयंपाकघरात स्टोव्हपुढे बसून करंज्या तळताहेत, तुम्ही करंज्यांचे काठ कातण्याने कापताय, आणि मी दारात उभा, तोंडात पहिली करंजी. मी जाहीर करतो, “काकू, तुमचा नरक आजपासून रद्द!”

काकू झारा न थांबवता म्हणतात, “बरं झालं बाबा. पण करंज्या तरी मोजूनच मिळतील हो.”

तुम्ही हसला नाहीत. कातणं खाली ठेवलंत. “तो आपल्या घरातला केर काढतोय,” तुम्ही म्हणालात. “शेजाऱ्याने खिडकीत उभं राहून टाळ्या वाजवायच्या नसतात. तुझ्या घरात केरसुणी नाही का?” मी ओशाळून विचारलं, मग तुमचं उत्तर काय त्याला? तुम्ही म्हणालात, “दंडाचा प्रश्न बिनतोड आहे. मला उत्तर येत नाही. रविवारी जातो तरी.” आणि मग, माझ्या तेलकट हातांकडे बघून, ते कॅलेंडर भिंतीवरून काढलंत आणि पुस्तकाला कव्हर घालून मला देऊन टाकलंत. “पोराचं वाचलंस. आता बापाचं वाच.”

बापाचं म्हणजे शेवटच्या प्रकरणातला तो परिच्छेद. लेखक आपलं हस्तलिखित बापाकडे पाठवतो. बापाच्या अभ्यासिकेचं दार महिनाभर बंद. मग पाकीट परत येतं. आत शाप नाही, आशीर्वाद नाही. मुलाने शास्त्रातली जी वचनं चुकीच्या ठिकाणची म्हणून दिली होती, ती फक्त दुरुस्त केलेली. मला तो परिच्छेद विनोदी वाटायचा. खडूस म्हातारा, त्याला त्यातही चुकाच दिसल्या! तुम्ही मात्र म्हणायचात, पुस्तकात धर्म कळलेला माणूस तो एकच. तुम्ही गेलात तेव्हा दफनभूमीत मराठी भजन चाललं होतं, आणि मी मागे उभा राहून, खरं सांगतो, त्या पाद्र्याबद्दल विचार करत होतो.

आता मूळ गोष्टीवर येतो. आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा पुस्तकावर बोलायची टूम निघाली आहे. सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले, “पंडितजी, वो किताब है ना आपकी, चर्चवालों की पोल खोलने वाली? उसी पर हो जाए.” मला त्या लेखकाबद्दल बोलायचा मोह आवरला नाही. बोललो. आणि ज्या ज्या ठिकाणी तो स्वतःच्या घरासाठी कळवळतो, नेमक्या त्या त्या ठिकाणी टाळ्या पडल्या. तिसऱ्या मजल्यावरचे केरळचे ख्रिस्ती आजी-आजोबा पुढच्याच रांगेत होते. आजोबा शेवटपर्यंत बसले, जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, “गुड लँग्वेज.” सर, खिडकीतल्या टाळ्या आतून कशा ऐकू येतात ते मला त्या दिवशी कळलं.

मग मागून माझी लेक उठली. ती मुनिरक्यात खोली घेऊन राहते, विद्यापीठात शिकते, संस्कृत माझ्यापेक्षा बरं आहे. तिने हिंदीत, अगदी शांतपणे विचारलं, “अपने घर पर ऐसी किताब कोई लिखे, तो भी तालियाँ बजेंगी?” कुणीतरी हसलं. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, “बच्ची है, चलो, चाय लीजिए.” लिफ्टमध्ये मात्र ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “बिटिया को समझाइए, पंडितजी. आजकल माहौल ऐसा नहीं है.” धमकी नव्हती ती. माणूस चांगला आहे, माझ्या आईच्या आजारपणात गाडी घेऊन तोच आला होता. म्हणूनच जास्त लागलं.

त्यांना हे माहीत नाही की तो प्रश्न नुसता प्रश्न नव्हता. ती खरोखरच लिहिते आहे. आपल्याच घरावर, आपल्याच ग्रंथांतून, स्वतःच्या नावाने. मसुदा तिने माझ्याकडे आणून दिला आणि म्हणाली, “बाबा, पटलं नाही तरी चालेल यार, पण उतारे तेवढे तपासून दे. तुझ्यासारखं कोण तपासणार?” मी वाचलं. काही ठिकाणी माझा जीव दुखला, कारण ते श्लोक मी आजही आंघोळ करताना म्हणतो. पण आवाज कुठेच चढलेला नाही. तुम्हाला आवडलं असतं. काकूंनी करंजी दिली असती, न मोजता.

उतारे तपासून झाले आहेत. तीन-चार चुका निघाल्या. एक श्लोक तर भलत्याच ग्रंथाच्या नावावर टाकलाय. ती रोज फोनवर विचारते, झालं का बाबा? मी म्हणतो, बघतोय, डोळे दुखताहेत, ऑफिसचं काम आहे. तो पाद्री महिनाभर दारामागे काय करत होता, हे मला आता कळतंय. चुका शोधायला महिना लागत नाही.

सर, धर्माची मला चिंता नाही, त्याने पुष्कळ पाहिलंय. चुका तशाच राहिल्या तर लोक चुकांवर तुटून पडतील, हसतील, आणि तिला सोडून देतील. मी त्या दुरुस्त केल्या तर तिचं म्हणणं कुणाला खोडता येणार नाही. आणि ज्याला खोडता येत नाही तो मग वाद घालत बसत नाही, हात उगारतो. मला माझ्या मुलीसाठी भीती वाटते, आणि मसुदा अजून माझ्याच टेबलावर आहे.