तवा, चरबीची बरणी आणि राहून गेलेली रेघ

रविवार, दिनांक ९ मार्च २०२५, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. बेकनच्या आठ पट्ट्या थंड तव्यावर एकीला दुसरी न चिकटेल अशा मांडून, खाली मंद आच लावून, डाव्या हातात चिमटा धरून मी उजव्या हाताने हे लिहीत आहे.

मी, वय वर्षे सव्वीस, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, शिक्षण आठवीपर्यंत (नववीची पुस्तके घेतली होती, उघडली नाहीत), असे जाहीर करतो की मी पूर्ण शुद्धीत आहे, माझे लेखनही शुद्ध आहे, आणि हे मी कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने लिहीत नसून केवळ भीतीने लिहीत आहे. परवा मंगळवारी सकाळी आठ वाजता माझ्या पित्ताशयातले खडे पित्ताशयासकट काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "किरकोळ आहे हो." मी विचारले, "किरकोळ म्हणजे नक्की किती?" ते म्हणाले, "तासाभराचं काम." मीसुद्धा एकदा तासाभराचे काम म्हणून एक पाटी घेतली होती. ती चार दिवस चालली आणि शेवटी मी शिडीवरून पडलो. म्हणून लिहून ठेवलेले बरे.

कोर्टाजवळच्या लेखनिकाकडे छापील फॉर्म मिळत होता. त्यावर ‘मृत्यूपत्र’ असे दीर्घ छापलेले होते. मी म्हणालो, इथे ऱ्हस्व हवा. तो म्हणाला, "मेल्यावर ऱ्हस्व काय नि दीर्घ काय!" मी फॉर्म परत केला आणि कोऱ्या कागदावर लिहीत आहे. मात्र त्याने फुकट दिलेला सल्ला ठेवून घेतला. तो असा, की दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने किंवा त्याच्या बायकोने साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर कागद टिकतो, पण त्यांचे मिळायचे ते बुडते. खाडाखोड करू नये असेही तो म्हणाला. म्हणून एकदा लिहिले ते राहील. साक्षीदार अजून एकही पक्का नाही. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरकाकांना विचारले आहे, ते म्हणाले, "बेकन झालं की हाक मार."

कलम १. घर भाड्याचे आहे, दोन खोल्या, त्यामुळे ते कोणाला देण्याचा प्रश्न नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी ढिली आहे, ती मालकाने बसवावी. पाच वर्षे सांगतो आहे. माझे शेवटचे शब्द समजून तरी बसवावी.

कलम २. जाड बुडाचा लोखंडी तवा माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, द्यावा. हा तवा आईचा. वडील आम्ही लहान असतानाच गेले. आई एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथे बेकन कापताना जी वेडीवाकडी टोके उरत, ती शनिवारी तिला घरी न्यायला मिळत. बाकीच्या मुलांकडे शनिवारी खेळ असत, आमच्याकडे टोके असत. ती ज्या कुरकुरीतपणावर काढायची तो आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. तव्यासंबंधी सूचना: साबण लावू नये. पट्ट्या नेहमी थंड तव्यावर ठेवाव्यात, तापलेल्या तव्यावर टाकल्या तर त्या रुसून गोळा होतात. हे दादाला माहीत आहे, तरी लिहितो. तो बस चालवतो, त्याला सगळे गरम होऊनच सुरू करायची सवय आहे.

कलम ३. फ्रिजच्या दारातली बेकनच्या चरबीची बरणी पोस्टमास्तरकाकांना. त्यांनी माझ्याविरुद्ध मालकाकडे तीन लेखी तक्रारी केल्या. "वासाने झोप लागत नाही" असे तिन्हींत लिहिले. तिन्ही वेळा त्यांची रिकामी वाटी घेऊन ते स्वतःच वर आले. या चरबीत उकडलेले बटाटे परतावेत, वर तिखट भुरभुरावे. मग लागेल झोप.

कलम ४. खजुराची कृती वहिनीला. वहिनी म्हणजे दादाची बायको. पाहुणे यायचे असतील तर खजुरातली बी काढून तिथे बदाम ठेवावा, बेकनची अर्धी पट्टी भोवती गुंडाळावी आणि दात कोरायच्या काडीने टोचावे. काड्या आधी अर्धा तास पाण्यात बुडवाव्यात, नाहीतर ओव्हनमध्ये पाहुण्यांआधी त्याच पेटतात. माणशी चार धरावेत. लोक दोन घेतो म्हणतात. वहिनीला मी लग्नाच्या दिवशी लांबून पाहिले, त्यानंतर भेट नाही. कारण कलम ६ मध्ये येईल.

कलम ५. ब्रश, मोजपट्ट्या आणि शिडी कोपऱ्यावरच्या रंगवाल्याला. अट: त्याने स्वतःच्या पाटीवरचे ‘रंगाचे दूकान’ आधी ऱ्हस्व करावे. मी चार वर्षे त्या दीर्घ ऊकाराखालून रंग विकत आणत आहे. ते किती जड जाते हे त्याला कळणार नाही.

(१०.५५. पट्ट्या उलटल्या. मला खायची मनाई आहे. वास घेतला तर चालेल का, असे डॉक्टरांना दोनदा विचारले. चालतो.)

कलम ६. पांढऱ्या घेवड्याच्या आणि बेकनच्या दाट सुपाची कृती लिहिलेला कागद, बिस्किटांच्या डब्यात आहे तो, भिंगासह दादाला द्यावा. म्हणजे मी गेल्यावर तरी त्याने नीट पाहावे.

हकीकत अशी. तीन वर्षांपूर्वी दादाच्या होणाऱ्या सासरची माणसे पहिल्यांदा जेवायला यायची होती. सूप मीच करायचो, पण त्या दिवशी मला लांबच्या गावी पाटीचे काम लागले. म्हणून मी दादाला कृती लिहून दिली. बेकन जात्याच खारट, म्हणून मीठ चिमूटभर. ओळीच्या शेवटी जागा संपली, तेव्हा ‘चि’ वरच्या ओळीत राहिला आणि ‘मूटभर’ खालच्या ओळीत आला. दादाने मूठभर मीठ घातले. बस वळवून वळवून तयार झालेली मूठ.

दादाचे सासरे नळजोडणीची कामे करतात. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "जावईबापू, खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. आम्ही घरातले सगळे जागलो. पहाटे चारपर्यंत. आयुष्यभर लोकांच्या घरी पाणी नेलं, काल सगळं मीच प्यालो." तेव्हापासून सासरी दादाचे नाव ‘मिठागर’ पडले. लग्नात मेहुण्यांनी त्याच्या खुर्चीखाली मिठाची पिशवी ठेवली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दादा तो कागद माझ्यापुढे टाकून म्हणाला, "तू मूठभर लिहिलंस."

मी म्हणालो, "मी ट लिहिला. मूठ ठ-ची असते. ज्याला ट आणि ठ कळत नाही त्याने स्वयंपाक करू नये."

तो म्हणाला, "बरं, वेलांटी." (वेलांटी हे माझे लहानपणापासूनचे चिडवायचे नाव.) "तुझं तेवढं बरोबर. आता तू तुझ्या ट-शीच बोल." मी लग्नात शेवटच्या रांगेत बसलो. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. ऑपरेशनचेही मी कळवलेले नाही. टेबलावर मेलो आणि दादाशी बोलणे राहिले, तर खड्यांपेक्षा तेच जास्त टोचेल. पण माघार घेता येत नाही, कारण कागदावर ट आहे.

(११.१५. नोंद. कलम लिहिताना पुरावा समोर असावा म्हणून डबा उघडून कागद काढला व भिंग लावले. ट हा ट-च आहे. पण तीन वर्षे मी फक्त ट-च पाहत होतो. आज वरची ओळ पाहिली.)

कलम ७. कलम ६ खोडता येत नाही म्हणून हे वेगळे कलम. वरच्या ओळीत मी ‘सूप उतरवताना वरूनचि’ असे लिहिलेले आहे. जागा नसल्याने ‘चि’ हा ‘वरून’ला अगदी चिकटलेला आहे. पुढे संयोगचिन्ह नाही. शब्द तोडला की तोडलेल्या जागी आडवी रेघ द्यायची असते हे मला चौथीपासून माहीत आहे. पण पाट्यांवर आम्ही ती देत नाही, कारण गिऱ्हाईक विचारते, "ही रेघ कसली? हिचे पैसे मिळणार नाहीत." हात धंद्याच्या सवयीने गेला. चूक माझी आहे. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीत आहे, म्हणून पुन्हा तपासले. बरोबर आहे.

मी लाल शाईने ‘चि’च्या पुढे रेघ घातली. कागद पाकिटात घातला, वर दादाचा पत्ता लिहिला, आणि बेकन झाल्याची हाक ऐकून पोस्टमास्तरकाका आले तेव्हा जिन्यातच त्यांच्या हातात देऊन म्हणालो, "काका, हे मी गेल्यावर दादाला द्या." ते म्हणाले, "बरं." मी चहा ठेवायला आत गेलो. बाहेर आलो तर काका नाहीत.

(१२.४०. चहा दोनदा गरम केला.)

(१.०५.) काका परत आले. मागे दादा. त्याच्या मागे वहिनी.

मी म्हणालो, "काका! मी गेल्यावर म्हटलं होतं!"

काका म्हणाले, "मग? तू आत गेलास, मी निघालो. बत्तीस वर्षं टपाल वाटलं, आलेलं पाकीट मी कधी उद्यावर टाकलं नाही."

दादाने कागद माझ्यापुढे धरला. "ही लाल रेघ कधीची?"

"आजची."

"आधी नव्हती ना?"

"नव्हती."

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "मला काय वाटलं होतं सांगू? ‘वरूनचि मूठभर मीठ घालावे.’ वरूनचि! जुन्या पोथ्यांत असतं तसं. म्हटलं, वेलांटीनं सूप पद्यात लिहिलंय. मीठ वरूनच घालायचं, आतून नाही. मी पातेल्यावर हात उंच धरून घातलं रे, कृतीप्रमाणे!"

काका हसू लागले. मला हसावे की नाही ते कळेना.

"पण चाखायचं तरी," मी म्हणालो.

"दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर चाखलं असतं," दादा म्हणाला. "तुझी आजवर एक वेलांटी चुकली नाही. तू लिहिलंस म्हणून सरळ वाढलं. राग मिठाचा नव्हता मला. माझी मान खाली गेली आणि तू मला ट शिकवत बसलास."

मी त्याला बेकनची पट्टी दिली. त्याने ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "टोकं हवी होती." पण खाल्ली.

वहिनी तोवर माझे हे कागद वाचत होती. ती दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात आहे. म्हणाली, "भाऊजी, पित्ताशयासाठी मृत्युपत्र? अहो, आमच्याकडे ही माणसं तिसऱ्या दिवशी जिने चढून बिलावरून भांडायला येतात." मग म्हणाली, "आणि ते सूप मी दोन वाट्या खाल्लं होतं. तोंड वाकडं न करता. त्यावरच यांनी मला पसंत केलं. तुमची रेघ राहिली म्हणून माझं लग्न ठरलं, हेही लिहा त्यात." लिहिले.

काकांनी सही केली. दुसरा साक्षीदार राहिला होता. दादाने पेन घेतले. मी त्याला थांबवले, लेखनिकाचा सल्ला दोनदा वाचून दाखवला, आणि सांगितले की त्याने सही केली तर कलम २ मधला तवा आणि कलम ४ मधली कृती दोन्ही बुडतील.

दादा म्हणाला, "बुडू दे. तू मेलास तर त्या तव्यावर मी काय भाजू? मंगळवारी सातला बस डेपोत लावून मी येतोय. शनिवारी तूच करायचं, आम्ही खायचं."

"मला शनिवारी चालणार नाही. पथ्य आहे."

"वास घे."

त्याने सही केली. उजवीकडे जागा संपत आली तेव्हा आडनाव तोडून खालच्या ओळीत नेले, आणि माझ्याकडे पाहत मध्ये चांगली लांब रेघ ओढली.

कलम ८ व शेवटचे. तव्याला आता वारस नाही. तो तूर्त माझ्याच नावावर राहतो, त्यामुळे मला परत येणे भाग आहे. खजुराची कृती वहिनीने कलम ४ वाचतानाच पाठ केली, ती परत घेता येत नाही. चरबीच्या बरणीवर आता काकांचा हक्क उरत नाही, कारण तेही साक्षीदार आहेत. हे त्यांना सही झाल्यावर कळले. चौथी लेखी तक्रार करणार म्हणतात.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासून खाली सही केली.

सही: पाटीवाला, ऊर्फ वेलांटी
साक्षीदार पहिला: पोस्टमास्तर (निवृत्त), खालचा मजला
साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ, बसचालक, ऊर्फ मिठागर
स्थळ: माझे स्वयंपाकघर, ढिल्या कडीच्या खिडकीजवळ
दिनांक ९ मार्च २०२५, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे

आजचा खर्च:
बेकन, आठ पट्ट्या: १९०/- (काका ३, दादा ३, वहिनी २, मी वास)
कोरे कागद, सहा: १२/-
लाल पेन: १०/-, पैकी वापर एक रेघ
एकूण: २१२/-

देणे:
दादाला एक संयोगचिन्ह, तीन वर्षे थकलेले. आज चुकते केले.
दादाच्या सासऱ्यांना सूप, एक पातेले, चि-मूटभर मिठाचे, आधी चाखून. पथ्य संपल्यावर. हे बाकी.