पंचवीस गोल

३ नोव्हें., सोम.
सकाळच्या बॅचमध्येच मोरे आले. चाकणच्या कंपन्यांना कंत्राटी माणसं पुरवतात, त्या ऑफिसातले. इंग्रजीचा पेपर काढून हवाय. पंचवीस प्रश्न. मच-मेनी, फ्यू-लिटल, इज-आर, एवढंच. "एका पानात बसवा मॅडम, पाठपोट नको." कशासाठी? "ट्रेनिंगसाठी." बरं.

तासाभरात झाला. चिखलीत सतरा वर्षं हेच शिकवतेय. प्रत्येक वाक्यात दोन शब्द, बरोबर असेल त्याला गोल करायचा. ट्रेमध्ये वीस बोल्ट असतील तर इज की आर. टाकीत पाणी असेल तर मच की मेनी. शेवटची दोन वाक्यं पानाबाहेर जात होती, म्हणून वरची सूचना काढून टाकली. दोन शब्द दिले की काय करायचं, हे सांगावं लागतं का कुणाला.

६ नोव्हें., गुरु.
चाकणच्या कंपन्यांची आठवड्याची सुट्टी. मागच्या गल्लीतली रेखा आली. परभणीची. चार वर्षं एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर. पार्ट हातात घ्यायचा, खोट दिसली तर बाजूला काढायचा. नवरा कंबर धरून घरात, दोन मुली शाळेत. कंपनीत परदेशातली माणसं पाहणीला येणार म्हणून इंग्रजीची परीक्षा आहे म्हणे. बाराच्या खाली पडले की गेटचं कार्ड बंद, काम गेलं.

"आठ दिवसांत येईल का वो मला, मॅडम?"
"परीक्षा कोण घेतंय?"
"मोरे साहेब."

माझाच पेपर. तिला बोलले नाही. मोरेंना फोन करून दुसरा पेपर काढायला हवा होता, तेही केलं नाही. ठरवलं, शिकवायचं, पण पेपरातलं एकही वाक्य नाही. मनात स्वतःची पाठ थोपटली. खोटं कशाला लिहू.

१० नोव्हें., सोम.
रे. रोज सहाला येते. बसमधून उतरून थेट, कार्ड गळ्यात तसंच. नियम सांगायला लागलं की तिला पेंग येते. म्हणून आज उलटं केलं. चुकीची वाक्यं लिहून दिली आणि म्हटलं, चूक शोध. झोप कुठल्या कुठे गेली. वीसपैकी वीस. चुकीच्या शब्दाभोवती पेनाने गोल. नीट, जोडलेला, पार्टवर खोटीभोवती मार्करने करतात तसा.

"दिवसभर हेच तर करते की मी."

हसलो दोघी. आता परीक्षेपर्यंत रोज हेच. टेबलावरच्या तिघींनाही बसमध्ये शिकवते म्हणे. माझ्या बॅचमध्ये असं पोर एक नाही.

१३ नोव्हें., गुरु.
परीक्षा झाली. सुट्टी त्यातच गेली सगळ्यांची. रे. येताना पेढे घेऊन आली, निकालाआधीच. "एक पन सुटला नाई मॅडम. धा मिनिटं राखून बसले." पेढा खाल्ला.

१६ नोव्हें., रवि.
मोरेंनी पेपर तपासायला पाठवले, एक्केचाळीस. दुपारी जेवण झाल्यावर बसले. रे.चा मुद्दाम आधी काढला.

शून्य.

परत तपासला. शून्य. राग आला, खरंच आला. एवढं शिकवलं त्याचं हे फळ? पुढे आणखी तीन शून्यं. मग थांबले. दोन शब्दांत एक निवडायचा आहे. डोळे मिटून गोल काढले तरी दहाबारा बरोबर येतात. पंचवीसच्या पंचवीस चुकायला सगळं यावं लागतं.

गोल बघितले. नीट, जोडलेले. चौघींनी चूक शोधली आहे. एकही सोडलेली नाही.

सूचना मी काढली. चुकीला गोल करायची सवयही मीच लावली, तीन दिवस, कौतुक करून. हे म्हणाले, "चहा करू का?" नको म्हटलं. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१७ नोव्हें., सोम.
मोरेंना फोन. सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं माणसाने, तेच जास्त लागलं.

"मॅडम, उद्या नऊ मार्कवाला येईल, म्हणेल मी पण उलटे गोल केले. त्याचे सोळा धरू का?"

नऊ, दहा, अकरावाले तेरा जण आहेत. त्यांतल्या कुणी अर्धे गोल असे नि अर्धे तसे केले असतील, कसं कळणार.

पुन्हा परीक्षा घ्या म्हटलं. पाहुणे पुढच्या सोमवारी येतायत, आता वेळ नाही. "आणि सूचना तुमच्याच पेपरवर नव्हती ना मॅडम. मी तर जसा दिला तसा छापला." बुधवारपर्यंत मार्कांची यादी द्या म्हणाले.

१८ नोव्हें., मंगळ.
रे. सहाला आली. आज जमणार नाही म्हणून सांगायला लावलं ह्यांना. आत बसून ऐकत होते. "बरं नाई का मॅडमला? ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या."

१९ नोव्हें., बुध.
यादी दिली. चौघींपुढे पंचवीस लिहिले. बाकीच्यांचे जसे आले तसे. खाली चार ओळी लिहून सही केली, काय घडलं, चूक कुणाची. मोरेंनी उभ्या उभ्या वाचलं. "हे वर चालेल असं वाटत नाही," म्हणाले, आणि घडी घालून खिशात ठेवलं. ती चिठ्ठी पुढे जाणार की नाही, कळायला मार्ग नाही. त्या तेरा जणांसाठी मी काहीच केलं नाही, हेही इथे असू दे.

२० नोव्हें., गुरु.
रे. वही घेऊन आली. "आता म्होरलं शिकवा. पास झाल्यावर सोडायचं का मनून?"

बसवलं आणि सगळं सांगितलं. पेपर माझा होता इथपासून. ती मधे एकदाच बोलली.

"पन बरोबर असतंय त्याला कामून गोल करायचा, मॅडम? चांगल्या पार्टाला आमी हात बी लावत नाई."

मग वहीच्या कडेला नखाने ओरखडे काढत राहिली. मला वाटलं माझ्यावर चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

कार्डं बंद होणार ती सोमवारपासून, पहिल्या शिफ्टला गेटवर लावून बघणार. उघडलं तर उघडलं. मी येऊ का विचारलं. ती उठली. वही इथेच राहिली. चपला घालताना दारात थांबली.

"पेपर हातात आला तवा त्या तिघी मनल्या, गोल कशाला करायचा गं? वर काईच लिवलेलं नव्हतं. मी मनलं, मला ठावं हाय, चुकीला करा."

दुसरी चप्पल घातली.

"आज सुट्टी. उद्या सकाळी बसमधी त्या माझ्याच शेजारी बसत्यात."