पिंकीच्या गेमची पूजा

दसरा, २००३. दिवेलागण.

नातीचा टीव्हीवरचा गेम आज चालूच होईना. त्याचा लाल दिवाच लागत न्हाई. पिंकीनं त्याच बोर्डात पंखा लावला, तो फिरला. गेमचा अडॅप्टर रेडिओला लावला, रेडिओ बी वाजला. डॉक्टरावानी तपासून राहिली पोरगी! नांदेडला शिकती ना. मी तर कौतुकानं पाहतच बसले. मग तिनं पेचकसानं डबा उघडला, तर आत पिवळा चिखल.

"आजी, आत हळद कशी गं?"

"उंदरानं नेली असंल."

"उंदीर हळदीकुंकू करतो का?"

मला हसू आलं. ती न्हाई हसली. मग सांगितलं, सकाळी विळ्या-कुऱ्हाडीसंगं तुझा गेम बी पाटावर मांडला, फुलानं पाणी शिंपडलं. लेकराची चीज काहून वगळावी? पाणी जास्तच पडलं का काय?

पुसला, चुलीपाशी शेकला. लाल दिवा न्हाईच. सगळं जळलं म्हणती.

चार दिवस राहणार होती, आता उद्याच्या एसटीनं जाते म्हणून राहिली. थांब म्हणायला तोंड उघडते, अन् कशासाठी थांब म्हणू, तेच सुचत न्हाई.