बुधीची पहार

ड्रेस्डेन, एप्रिल

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. असताना तरी कुठे लिहिलं! फोनवर "जेवलात का" आणि "थंडी किती आहे" यापुढे आपली गाडी सरकायची नाही. पण कालपासून एक प्रश्न पडलाय आणि त्याचं उत्तर तुमच्याशिवाय कुणाकडेच नाही.

इथल्या शहराच्या जंगलात सध्या बेअरलाउख उगवलाय. लसणाच्या वासाचा रानपाला, लोक हौसेने खुडून नेतात. काहीजण मुळासकट उपटतात. काल आमच्या वनविभागाच्या ऑफिसात त्यावर बैठक होती. कुंपण घाला, बंदी घाला, दंड करा! बाबा, मला वाटलं तुम्हीच बोलताय. खाकी शर्ट तेवढा नव्हता.

मी म्हटलं, बंदी नको, खुडायचं कसं ते लोकांना शिकवू या. आणि आपल्या टेकडीवरच्या त्या बाईची गोष्ट सांगितली.

आठवते ना? ठाण्याची टेकडी, तुम्ही फॉरेस्ट गार्ड, मी नऊ वर्षांची, तुमच्यामागून रानात हिंडणारी. पाड्यावरची एक बाई पहारीने कंद खणत होती. तुम्ही ओरडलात, तरी तिने आधी हातातलं काम पुरं केलं. कंदाचं डोकं, म्हणजे वेलाकडचा तुकडा, मोडून परत खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, पायाने दाबली.

"सायेब, ह्याचा डोका मातीत राहिला का पुढल्या साली परत येतो. आमी नेतो तसा ठेवतो बी."

"कायदा मला शिकवू नकोस," तुम्ही म्हणालात आणि पहार काढून घेतलीत. ती रिकाम्या हाताने गेली. पहार खांद्यावर टाकून तुम्ही घरी निघालात, आणि खोटं कशाला बोलू, मला तुमचा केवढा अभिमान वाटला होता!

बैठकीत सगळ्यांना ते पटलं. माझ्या वरिष्ठ फ्राऊ लेमान "गेनाऊ!" म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "बरं, त्या बाईंचं नाव काय? अहवालात ते यायला हवं. आणि त्यांना विचारलंय का?"

मला नावच माहीत नव्हतं. माझ्या प्रबंधात मी तिला 'स्थानिक महिला' करून टाकलं होतं. शिकवण तिची, पदवी माझी. लाज वाटली, बाबा.

संध्याकाळी आईला फोन लावला. "अगं, बुधी ती," आई चटकन म्हणाली. "तुझे बाबाच सांगायचे. बाजारातून कोनफळ आणलं की त्याचं डोकं कापून परसात पुरायचे. म्हणायचे, बुधी म्हणते ते खरं आहे."

कुंपणावर दर पावसाळ्यात चढणारा तो वेल! मी त्याला आपोआप उगवलेला समजत होते.

म्हणजे तुम्हाला पटलं होतं. तिचं नावही ठाऊक होतं. मग ती पहार इतकी वर्षं आपल्या दाराआड का राहिली हो? ऑफिसात जमा केली नाहीत, म्हणजे परतच द्यायची होती ना? की पाड्यावरच्या बाईसमोर "चुकलं" म्हणायला जीभ वळली नाही? आई त्या पहारीवर नारळ सोलत राहिली आणि आपल्यापैकी कुणीच काही बोललं नाही.

रागावले नाही मी. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. माझ्यावर हात उगारलात, त्या दिवशी संध्याकाळी न बोलता तिखटमीठ लावलेला पेरू पुढ्यात ठेवला होतात. माफी मागायची तुमची तीच रीत. परसातला वेलही तसलीच माफी असणार. पण बाबा, तो वाढला आपल्या कुंपणावर. बुधीला कसं कळावं?

बुधी आहे अजून. आई म्हणते, तिला आता कमी दिसतं, रानात सून जाते.

म्हणून दिवाळीपर्यंत थांबत नाही, मे महिन्यातच येते. पहार घासून स्वतः पाड्यावर नेईन. आधी तुमचं राहिलेलं "चुकलं" म्हणेन, मग माझं. अहवालात नाव घालू का, हे त्यानंतर विचारेन. ती नको म्हणाली, तर तिची गोष्टच काढून टाकेन, माझं काम कितीही अडलं तरी.

आणि आईला सांगून ठेवलंय, यंदा परसातले कंद आपण खणायचे नाहीत. बुधीची सून येऊन खणेल, त्यांच्या स्वतःच्या पहारीने.

तुमच्यामागून अजून रानात हिंडणारी,
नंदू