चर्चखालचे अडीच गुंठे

मी, गहिनीनाथ सावळेराम औटी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, धंदा शेती, राहणार खडकमाळ, तालुका पारनेर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणाचे दडपण नाही, नशापाणी नाही. बुद्धी शाबूत आहे. फक्त एका बाबतीत तिचे आणि माझे एकमत होत नाही.

कलम १. राहते घर, विहीर व चार एकर माळ माझा एकुलता मुलगा रावसाहेब यास. विहिरीवरची मोटर दर उन्हाळ्यात जळते, ते त्याने आपले नशीब समजावे.

कलम २. चुलतभावाच्या मुलांना काही नाही. का, ते त्यांच्या आज्याला ठाऊक होते.

कलम ३. सुप्याच्या रस्त्यालगतचे अडीच गुंठे, ज्यावर चर्च उभे आहे, रावसाहेबास. सातबारा माझ्याच नावे आहे.

कलम ४. कलम ३ रद्द.

वकील राधाकृष्ण कुलकर्णी म्हणाले, "काका, असं नाही लिहिता येत. काहीतरी एक ठरवा." ठरत असते तर वकील कशाला केला असता? म्हणून आधी हकिकत लिहितो.

दुसरी मोठी लढाई संपून तीन-चार वर्षे झाली होती. माझे वडील आणि त्यांचा भाऊ याच तुकड्यावरून हातघाईवर आले. भावाला मिळू नये म्हणून वडिलांनी तिरीमिरीत तो गावातल्या ख्रिस्ती मंडळीला, दानिएल मास्तरांना, देऊन टाकला. म्हणाले, "इमारत उभी हाय तवर जागा तुमची. पडली की माझी." कागद केला नाही. याला पुण्य म्हणावे की खुन्नस, मला अजून कळलेले नाही.

चर्चही तसेच, धड एकासारखे नाही. छप्पर नगरच्या लष्करी लिलावातले, बराकीवर असते तसे अर्धगोल पत्र्याचे. गवंड्याने जन्मभर देवळे बांधलेली. त्याने काळ्या दगडाच्या भिंती उचलल्या आणि सवयीने पूर्वेच्या भिंतीत, दाराशेजारी, पणतीसाठी देवळी ठेवली. मनोऱ्याला पैसे उरले नाहीत, म्हणून घंटा कडुनिंबाला टांगली. मास्तरांनी देवळी बुजवली नाही. माझी बायको केशर दर दिवाळीला तिथे पणती ठेवायची. मी विचारले, "कोणाच्या देवाला?" म्हणाली, "देवळी रिकामी बघवत न्हाई." ती गेल्यापासून पणती मंडळीतलेच कोणीतरी ठेवते.

आता छपराचे लोखंड गंजले आहे. मंडळीला सगळे पाडून स्लॅब टाकायचा आहे. चर्चचे पाळक दावीद साळवे माझ्या ओट्यावर येऊन म्हणाले, "आबा, आम्ही पाडलं तर तुमच्या वडिलांच्या शब्दाप्रमाणं जागा तुमची होते. काय करू?" अहो भल्या माणसा, गुपचूप पाडले असते तर कोणाला कळले असते? मी तर तो शब्द विसरूनच गेलो होतो. ज्यांचे त्यात नुकसान, त्यांनीच तो जपून ठेवलेला. रावसाहेब आत चहा पीत होता, त्याने ऐकला.

तेव्हापासून त्याचे एकच. "आज्याचा शब्द हाय, आबा. कारखान्यांमुळं गुंठ्याला काय भाव आलाय, बघा की." शब्द मोडावा तर बाप खोटा पडतो, पाळावा तर मंडळी उघड्यावर. सकाळी मला मंडळीचे पटते, दुपारी मुलाचे, आणि रात्री जेवण जात नाही.

कलम ५. पूर्वेची देवळीची भिंत पाडू नये. बाकीच्या तीन पाडाव्यात व नवे चर्च तिलाच जोडून बांधावे. म्हणजे इमारत पडली असे होत नाही आणि जागा मंडळीचीच राहते. पाडण्यासाठी वडिलांची पहार मंडळीस देत आहे.

हे ऐकून रावसाहेब म्हणाला, "एकटी भिंत किती दिस टिकंल?" प्रश्न रास्त आहे.

कलम ६. कलम १ मधील घर, विहीर व माळ रावसाहेबास, ती भिंत उभी आहे तोवर. पडली की तेही मंडळीचे.

वकील म्हणाले, "काका, मग मंडळीच भिंत ढकलून देतील." नाही देणार. आपल्या तोट्याची अट ज्यांनी आपणहून येऊन सांगितली, ती माणसे आहेत.

 रावसाहेब पायात चपला अडकवून पाळकांकडे गेला, त्या भिंतीला सिमेंट किती लागेल ते विचारायला.

डोक्यातला गोंधळ पुरता गेलेला नाही, पण सही करण्यापुरता मिटला आहे.

सही: गहिनीनाथ सावळेराम औटी

आमच्या समक्ष सही केली:
१. केदार वसंत जोशी, शिक्षक, सही
२. आक्काबाई कोंडीबा शिंदे, शेजारीण, डाव्या हाताचा अंगठा

ठिकाण: पारनेर, जिल्हा अहिल्यानगर
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५