चेटकिणीचे टाके कोण उसवतं?

नॉर्डबी,
शुक्रवार, २३ ऑक्टोबर

प्रिय व्हर्नाताई,

धाकटीचा मनापासून नमस्कार. (अक्षर वाकडं आलं तर समजून घे. बोटाला पट्टी आहे. उंट लागला. पुढे सांगते.)

तुझी तब्येत ठीक असेल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मागच्या पत्रात ‘गुडघा अगदी छान आहे’ असं तू दोनदा लिहिलं होतंस. छान असलेल्या गुडघ्याबद्दल कुणी दोनदा लिहीत नाही. ॲरिझोनात ऑक्टोबरातसुद्धा ऊन असतं हे तर तीनदा लिहिलंस, तेव्हा तिथल्या शेजारणींशी तुझं पटत नसावं असा माझा अंदाज आहे. मी ठणठणीत आहे. हात जरा कापतो, पण तोही फक्त कुणी बघत असलं की.

आता मुख्य गोष्ट. आपल्या गुरुवारच्या मंडळात काहीतरी शिजतंय. दरवर्षीप्रमाणे चर्चच्या जेवणावळीतल्या सोडतीसाठी गोधडी शिवणं चाललंय. जेवणावळ यंदा नेमकी हॅलोविनच्या दिवशी आली, तेव्हा लव्हॉन स्टेनरूडने फर्मान काढलं की गोधडीही हॅलोविनची हवी. (तू गेल्यापासून मंडळाची मुखत्यार तीच. तिला कुणी निवडलं हे मी सगळ्यांना विचारून पाहिलं, कुणालाच आठवत नाही.) म्हणून भोपळे, काळी मांजरं, वटवाघळं, दोन भुतं आणि मधोमध चेटकीण. चर्चच्या तळघरात चेटकीण कशी, असं पास्टरांनी विचारलं. लव्हॉनने त्यांच्यापुढे लिंबाच्या वड्यांची बशी सरकवली, आणि चेटकीण हसरी असावी एवढ्यावर मिटलं. तुकडे जोडून झाले, कापूस भरून गोधडी चौकटीवर ताणली, आणि आम्ही आठजणी चारी बाजूंनी टाके घालायला बसलो. खिडकीजवळची जागा माझी, आईची होती तीच. तिथून चेटकिणीचा झाडू हाताशी येतो.

एक तारखेला मी त्या झाडूवर टाके घातले. खरं सांगायचं तर ते काही माझे चांगले टाके नव्हते. पूर्वी माझे इंचाला दहा बसायचे, हल्ली सहा बसतात आणि तेही रांग सोडून भटकतात. आठ तारखेला जाऊन पाहते तर झाडूवर दहाच्या हिशेबाने, एका रेषेत, मोत्यासारखे टाके! ताई, गोधडीतून काही चोरीला गेलं असतं तर मी सरळ शेरीफला बोलावलं असतं. पण रात्रीतून काम सुधारलं, अशी तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

टाके उसवणं म्हणजे काय हे मला नवीन नाही. हिल्डरमावशी शेवटी शेवटी चौकटीशी बसायची तेव्हा आपण दोघी कप विसळायच्या निमित्ताने मागे राहायचो, आठवतं? तिची गाडी वळली रे वळली की आपण चौकटीकडे धावायचो. काय ते टाके! एकेक टाका बोटाच्या पेराएवढा, गाठ वरच्या वर. एक ओढ दिली की अख्खी ओळ हातात. मग आपण दोघी हसत हसत पुन्हा घालायचो. बिचारीला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

म्हणून मला कळून चुकलं की लव्हॉन माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करतेय. कशासाठी, ते तुला सांगायला नको. भिंतीकडचं ते टेबल आहे ना, जिथे म्हाताऱ्यांना बसवून सुया ओवायला देतात? ‘तुझ्याइतक्या झटपट कुणालाच ओवता येत नाहीत गं’ असं गोड बोलून नेतात. त्या टेबलावरून चौकटीशी परत आलेली बाई मी आजवर पाहिलेली नाही. आपल्या मंडळातली बर्निस मार्चमध्ये तिथे बसली. मे महिन्यात तिने गुरुवारी येणंच सोडलं. आता ती दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता बघत असते. मी हात हलवला तर कधी ओळखते, कधी नाही. मला त्या टेबलाची भीती वाटते, ताई. लिहून टाकलं, आता यावर फोन करू नकोस.

तेव्हा मी सापळा लावला. आठ तारखेला झाडूशेजारच्या मांजरावर टाके घालताना दोऱ्याबरोबर माझा एक पांढरा केस शिवून टाकला. पंधराला जाऊन पाहिलं. केस गायब! टाके मात्र देखणे. त्या दिवशी मी मांजराची शेपटी केली, लव्हॉनची वडी रुमालात गुंडाळली (पुरावा हाती येईपर्यंत संशयिताच्या हातचं खाऊ नये म्हणून), सगळ्यांच्या देखत ‘येते गं’ म्हणाले, आणि जिना चढायच्या ऐवजी नाताळच्या नाटकाच्या कपाटात शिरले. दुपारचे अडीच वाजले होते. कपाटात मेंढपाळांचे झगे होते, देवदूतांचे पंख होते, आणि उरलेली सगळी जागा उंटाच्या डोक्याने अडवली होती. दार लावायचं तर ते डोकं घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी घातलं. आतली तार बोटात घुसली. ओरडता येईना. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दाराच्या फटीशी उभं राहून उंटाच्या नाकपुडीतून मी मंडळावर पाळत ठेवली.

मागे दोघीच राहिल्या, लव्हॉन आणि मार्लिस. (मार्लिस म्हणजे प्रत्येकीला ‘हो ना’ म्हणणारी. अशा बायकांवर मी कधीच विश्वास ठेवत नाही.) लव्हॉनने चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला आणि माझी शेपटी उसवायला घेतली.

“किती दिवस चालायचं हे?” मार्लिस म्हणाली. “सांगून टाक की सरळ. बसव सुया ओवायला.”

“तूच सांग. आहे हिंमत?” लव्हॉन म्हणाली. “आज त्या टेबलाशी बसवली की उद्या घरी बसेल. बर्निसचं पाहिलंस ना? खिडकीजवळची जागा आर्डिसची आहे, ती तिथेच बसणार. बोलू नकोस, उसव. मेलं माझं उसवायचं हत्यार बोथट झालंय, मांजर फाटायचं एखादवेळी.”

मला आधी भयंकर राग आला. मग रडू आलं. उंटाच्या आत रडू नये, नाक पुसता येत नाही. त्या दोघी तासभर मान मोडून बसल्या, प्रत्येक टाका दिवा जवळ धरून बघत. लव्हॉनला दोन चष्म्यांतूनही धड दिसत नव्हतं. त्या गेल्यावर मी बाहेर आले, आणि चेटकिणीसमोर उभ्यानेच ती वडी खाल्ली.

काल पुन्हा गुरुवार. मी ठरवून गेले होते की बोटातलं अंगुस्तान टेबलावर आपटायचं आणि सगळ्यांसमोर वाभाडे काढायचे. लव्हॉन म्हणाली, “आर्डिस, काय सुरेख आलीय गं शेपटी!” मी म्हणाले, “जमतंय अजून.” आणि माझ्या जागेवर बसले. लव्हॉनवर माझा अजूनही विश्वास नाही. ती वड्यांत लिंबाचा बाटलीतला रस घालते.

गुडघ्याला जप आणि खरं काय ते लिही.

तुझी,
आर्डिस

ता. क. – आईच्या शिवणाच्या डब्यातलं, टाके उसवायचं हाडाच्या मुठीचं हत्यार तुझ्याकडे आहे. तू नाही म्हणतेस, पण घर आवरलं तेव्हा डबा मी आधी पाहून ठेवला होता. ते ताबडतोब पाठव, येत्या गुरुवारच्या आत पोचलं पाहिजे. भांडण नाही. लव्हॉनच्या टोपलीत ठेवायचंय, कुणीतरी विसरून गेल्यासारखं.

आणखी एक – काल मी चेटकिणीच्या टोपीवर टाके घातले. मुद्दाम मोठे घातले, इंचाला तीन, सैल. गाठही आत कापसात दडवली नाही, वरच ठेवली. लव्हॉनच्या डोळ्यांना तेवढाच त्रास कमी. तिसरी गाठ मारताना माझा हात थांबला. ताई, गाठ कापसात दडवायला आपल्याला शिकवलं कुणी? हिल्डरमावशीनेच ना? आणि गाडीत बसताना दर गुरुवारी, न चुकता, ‘पोरींनो, कप तुम्हीच विसळा हं’ असं कोण म्हणायचं?